आधी दार, मग भिंत

मोठ्या प्रिंटरमधून नकाशाचा कागद बाहेर आला की चाचा आधी त्यावर फुंकर मारायचे, धूळ असो वा नसो. मग उजव्या हाताची दोन बोटं कागदावरच्या फाटकापाशी उभी करायचे आणि त्या बोटांनी घरात चालायला लागायचे. "आत आलो. चपला काढल्या. हॉल. हॉलमधनं किचन. किचनमधनं मागं, भांडी घासायला. परत आलो. हितनं बेडरूम. बेडरूममधनं संडास. बाहेर आलो, हात धुतले." सगळ्या खोल्या अशा फिरून झाल्या की बोटं पुन्हा फाटकाबाहेर यायची आणि मगच तो कागद सरांच्या टेबलावर जायचा.

आम्ही हसायचो. कुणी विचारायचं, "चाचा, पंखा लावला का आत?" ते मान वर न करता म्हणायचे, "लाइट कुटं आलीय अजून."

पिरंगुटला मुख्य रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. आर्किटेक्ट सर, मी, चाचा, आणि एखादा नवीन माणूस, जो काम शिकून झालं की बावधनला चांगल्या नोकरीवर निघून जातो. चाचा माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. राहायला पौडला, बाजारपेठेत. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन बावधनला. रोज पौडहून एसटीनं यायचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि खरं तर दोन्ही पेनांचं आता काहीच काम नव्हतं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. पौड सुटल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर आता प्रिंटरच्या कागदांचे रोल ठेवलेले असतात. ते उचलायला मला अजून जमलेलं नाही.

ज्यांनी घर बांधलंय त्यांनी नकाशा पाहिलाच असेल. दोन समांतर रेघा म्हणजे भिंत. पण नुसत्या रेघांत भिंत कुठली आणि पायरी कुठली हे गवंड्याला चटकन कळत नाही, म्हणून मधली जागा तिरक्या रेघांनी किंवा काळ्या रंगानं भरावी लागते. आम्ही त्याला हॅच मारणं म्हणतो. कॉम्प्युटरवर हे एका क्लिकचं काम, असं सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातंय! कोपऱ्यात दोन रेघा केसभर जुळल्या नाहीत तर सॉफ्टवेअर अडून बसतं, नाहीतर रंग त्या फटीतून सुटतो आणि घरभर पसरतो. ताम्हिणीच्या एका बंगल्याच्या नकाशात माझा रंग असा सुटला की हॉल, किचन, देवघर, सगळं काळंमिट्ट. चाचा मागं येऊन उभे राहिले. "पूर आला रं घरात," म्हणाले, आणि माझ्याकडून माऊस घेऊन फट शोधत बसले. सापडल्यावर त्यांना झालेला आनंद हरवलेली शेळी सापडलेल्या माणसाचा होता.

चाचांचं हॅच मारणं आम्हा सगळ्यांपेक्षा संथ. आमची पद्धत अशी, की आधी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग भरून टाकायची आणि मग तिच्यात दारं-खिडक्या कापायच्या. झटपट होतं. चाचा आधी सगळी दारं कापायचे, दोन्ही बाजूंनी भिंतीची तोंडं बंद करायचे, आणि मग एकेक तुकडा भरायचे. मी सलग भिंत भरायला घेतली की शेजारच्या टेबलावरून आवाज यायचा, "आधी दार, मग भिंत."

"शेवटी एकच होतं ना चाचा?"

"व्हय, एकच. पर मानूस इसरतो."

हे ते रोज म्हणायचे. इतकं रोज, की सरसुद्धा गमतीत फोनवर बोलताना म्हणायचे, "आधी ॲडव्हान्स, मग भिंत." चाचा हसायचे नाहीत. एरवी कशावरही हसणारा माणूस, पण या बाबतीत त्यांचा चेहरा लाकडासारखा व्हायचा.

एकदा पुण्याचं एक जोडपं आलं होतं. ताम्हिणीच्या वाटेवर जागा घेतलेली, सुट्टीसाठी घर बांधायचं. चाचांनी त्यांच्यासमोरच बोटं चालवायला सुरुवात केली. बाईंना मजा वाटली, त्यांनीही आपली दोन बोटं कागदावर ठेवली. दोघांची बोटं बरोबर फिरत होती. सगळं घर झालं आणि एका कोपऱ्यातल्या खोलीशी चाचा थांबले. "ही कुणाची?"

"ह्यांच्या आईंची," बाई म्हणाल्या. त्या खोलीला दार होतं ते बाहेरून, व्हरांड्यातून. आत घरात यायला दार नव्हतं.

"आतनं बी एक दार द्या," चाचा म्हणाले.

"त्यांना स्वतंत्र आवडतं."

"आज आवडतंय. पुढं पावसात बाहेरनं फिरून यायला न्हाई जमायचं त्यान्ला. द्या, मॅडम. दाराला काय पैसं पडतात?"

बाईंचा चेहरा पडला. सरांनी आतून हाक मारून चाचांना दुसऱ्या कामाला लावलं, आणि पाहुणे गेल्यावर चांगलं फैलावर घेतलं. लोकांच्या घरात नाक कशाला खुपसायचं, आपण रेघा काढायच्या. चाचा ऐकून घेत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी असाच एक आईच्या खोलीचा नकाशा आला आणि त्यांनी न विचारता आतून दार काढलं. तेही सरांनी पुसायला लावलं.

हे खूळ कुठून आलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. ताम्हिणीला एका जागेची मापं घ्यायला गेलो होतो आणि पावसानं आम्हाला एका ढाब्यात कोंडून घातलं. तिथला पाऊस सुरू झाला की समोरचा रस्तासुद्धा दिसत नाही. करायला काही नव्हतं. मी सहज म्हणालो, "चाचा, तुमच्या घराला दारं किती?" चेष्टेनंच विचारलं होतं. ते पावसाकडे बघत सांगायला लागले.

पौडच्या पेठेत त्यांच्या वडिलांचं दुकान. खिळे, कोयंडे, पत्रे, पाइप. मागं घर. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, आणि ती अगदी गोडीगुलाबीनं. धाकट्याकडं दुकान आणि त्यामागचा भाग, थोरल्याकडं, म्हणजे चाचांकडं, शेजारचा अर्धा भाग. मधे एक भिंत घालायची. अम्मा धाकट्याकडं राहणार, कारण चूल तिकडं होती. तिची एकच अट होती. "मदी एक दार ठेवा. मला दोन्हीकडं जाता आलं पायजे." दोघंही व्हय म्हणाले. कुणाला नको होतं दार?

नकाशा अर्थात चाचांनीच काढला. घरात एवढा कारागीर असताना बाहेरच्याला कोण देईल! मधली भिंत त्यांनी सलग भरून घेतली. दार मागाहून कापायचं होतं. तेवढ्यात दुसऱ्या कामाचा फोन आला, मग कागद छापायची घाई झाली, आणि दार कापायचं राहून गेलं. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, वाटणीपत्राला तो जोडला गेला. भावाचा कागद भाऊ कशाला तपासतो?

गवंडी कामाला आला तेव्हा चाचा कामासाठी बाहेरगावी होते. गवंड्यानं धाकट्याला विचारलं, दार कुठं ठेवू? धाकट्यानं नकाशा उघडला. दार नव्हतं. त्याला वाटलं, शिकलेल्या भावानं गुपचूप अम्माला आपल्या गळ्यात बांधून स्वतःची सुटका करून घेतली. तोही रागीट. "बांध सलग," म्हणाला. चाचा परत आले तर घरात माथ्यापर्यंत भिंत. त्यांना वाटलं, धाकट्यानं दार बुजवलं. चारचौघांत ते त्याला नको नको ते बोलले, त्याच्या बायकोलाही बोलले. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नकाशा त्यांच्या पुढ्यात टाकला.

"मंग मी पायलं," चाचा मला म्हणाले. "माझाच हात. म्हनलं, चूक झाली रं माझी. तर म्हनतो, गावाची घरं काढतोस आन् आपल्याच घरात चुकतोस व्हय? कोन इस्वास ठेवनार? मीच ठेवला नसता."

बोललेले शब्द परत घेता येत नाहीत. भिंत पाडता आली असती, पण आधी कुणी बोलायचं यावर ते अडलं ते अडलंच. अम्मा सुरुवातीला काठी घेऊन रस्त्यानं फिरून यायची. मग पेठेतला रस्ता काँक्रीटचा झाला, उंच झाला, दुकानाच्या पायऱ्या खाली गेल्या. अम्माचे गुडघेही गेले. त्यानंतर ती चाचांच्या घरी आली नाही. चाचा धाकट्याच्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणून बसलेले. ईदला दुकानापर्यंत जायचे. अम्माला कुणीतरी धरून पुढं आणायचं. "गिऱ्हाइकासारखा हुबा राहून भेटतो मी माझ्या आईला," असं ते म्हणाले तेव्हा मला ढाब्यावरून उठून जावंसं वाटलं.

मी त्यांना भरीस घातलं. अजून अम्मा आहे, अजून वेळ आहे, भिंत फोडून दार करून घ्या, त्याला काय ताजमहाल बांधायचाय? ते तयार होईनात. शेवटी एका रविवारी तयार झाले, पण मी बरोबर यायचं या अटीवर. अम्मानं पुन्हा एकदा तरी आपल्या घरात यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

धाकटा दुकानात बसला होता. अंगानं आडवा, चाचांसारखंच नाक. मी त्याला विषय सांगितला. चाचा पाइपांच्या ढिगाकडे तोंड करून उभे. धाकटा शांतपणे म्हणाला, "नकाशात हाय का दार?"

"अहो, नकाशाचं काय घेऊन बसलात, ती तर—"

"मी अडानी मानूस. नकाशात हाय तसंच बांधलं. त्येंनी काढलाय. त्येंनाच इचारा."

आतल्या खोलीतून अम्माचा आवाज आला. म्हातारीचे कान शाबूत होते. "भिंतीचं काय काढलंय? मला उचलून न्या दोगं मिळून. किती वजन हाय माझं?"

दोघांनीही ऐकलं. दोघंही हलले नाहीत. मग धाकटा म्हणाला, "भर पेठेतनं अम्माला उचलून न्यायची? लोकान्ला तमाशा दाखवायचा?" आणि चाचा दुकानाच्या पायऱ्या चढून रस्त्यावर गेलेसुद्धा. मी मागून पळालो. मला दोघांचाही संताप आला होता, आणि तो मी एसटी स्टँडपर्यंत चाचांवर काढला.

त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मला काढू दिला नाही. कागदावरचं चालणं मात्र जास्त बारीक झालं. एकेका दारातून दोनदोनदा जायचे. नवीन माणूस कंटाळायचा, सर चिडायचे, कामं तुंबायची.

मग पावसाळ्यात, पाऊस धो धो लागलेला असताना, एका दुपारी चाचांचा फोन वाजला. स्क्रीनवर धाकट्याचं नाव. ते त्या नावाकडे बघतच बसले. मी म्हणालो, "उचला की." त्यांनी उचलला, ऐकला, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. "अम्मा गेली," म्हणाले. मी त्यांना माझ्या गाडीवरून पौडला नेलं. वाटेत ते मागं काही बोलत होते, पण पावसात मला ऐकू आलं नाही.

धाकट्याच्या घरात माणसं जमली होती. चाचा पायऱ्या उतरून सरळ आत गेले. शपथ वगैरे कुणाला आठवली नाही. अम्माची खोली अगदी मागं. तिथून दुकानाकडे यायला एक बोळ, दोन्ही बाजूंना मालाची लोखंडी मांडणी भिंतीत रोवलेली, आणि मधे काटकोनात वळण. सगळं आवरून जनाजा उचलायची वेळ आली आणि माणसं त्या वळणावर थांबली. चाचांनी एकवार बोळाकडे पाहिलं, एकवार जनाज्याकडे. "न्हाई वळनार," म्हणाले. मागच्या बाजूला ओढा वाहतो, तिथून वाट नाही. कुणी म्हणालं तिरका करू, कुणी म्हणालं उभा धरू. उभा धरू म्हटल्यावर धाकट्याचा चेहरा बदलला. तो दुकानात गेला आणि घण घेऊन आला.

अम्माच्या खोलीची एक भिंत म्हणजेच ती मधली भिंत. पहिला घाव त्यानं घातला तेव्हा खोलीतली माणसं मागं सरली. भिंत साडेचार इंचीच होती, फार वेळ लागला नाही. चाचा रस्त्यानं फिरून आपल्या घरात गेले आणि पलीकडून हातांनी विटा ओढायला लागले. भोक मोठं होत गेलं. मग माणसांनी जनाजा त्या भगदाडातून पलीकडं दिला.

"जरा खाली ठेवा," चाचा म्हणाले. "घटकाभर."

ठेवला. त्यांच्या खोलीत, कॉटच्या शेजारी. चाचा उकिडवे बसले. बाहेर पाऊस, आत विटांची धूळ. अम्मा त्यांच्या घरी आली ती अशी. मग उचलून बाहेर नेलं. मीही खांदा दिला. कबरस्तानात दोघा भावांनी शेजारी शेजारी उभं राहून माती दिली. एकमेकांकडे पाहिलं नाही.

चाचा त्यानंतर ऑफिसला आले नाहीत. अम्माचा चाळिसावा दिवस झाला आणि चाचांच्या मुलीचा मला फोन आला, की अब्बांना मी बावधनला आणतेय, तेवढं त्यांना घेऊन या, ते एकटे निघत नाहीत. त्यांचा भाग उरवड्याच्या कारखान्यातल्या मुलांना भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. मी गाडी घेऊन गेलो. चाचांची बॅग दारात तयार होती.

भगदाड तसंच होतं. त्यावर धाकट्यानं आपल्या बाजूनं एक चादर लावली होती. मी आत गेलो तेव्हा ती बाजूला सारून तो पलीकडे उभा होता. चाचा अलीकडे, विटांच्या ढिगापाशी.

"चौकट हाय दुकानात," धाकटा म्हणत होता. "सागाची. आज बसवून टाकतो. ऱ्हाऊ दे दार."

"परकी पोरं येनार हितं. बुजव."

"आतनं कडी घालू की."

"कशाला?" चाचा म्हणाले. "आता कुनाकडं जायाचंय त्यातनं?"

धाकट्याचे ओठ हलले. उत्तर त्याच्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं, तिथं हजर असलेल्या कुठल्याही माणसाला दिसलं असतं. ते बाहेर आलं नाही. तो वळला आणि सिमेंटचं घमेलं घेऊन आला. मला त्या क्षणी चाचांचा राग आला, आणि त्यांना धरून रडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच न करता मी बॅगेशेजारी बसून राहिलो.

धाकटा वीट लावत होता, चाचा अलीकडून त्याला वीट देत होते. अम्मा गेली त्या दिवशी पडलेल्या, त्याच विटा. चाचा त्या आधी फडक्यानं पुसायचे, पाण्यात बुडवायचे आणि पुढं करायचे. "ही नगं, कोपरा गेलाय." "पानी कमी मार." "डावीकडं उचल जरा." "झालं?" "झालं." इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलत होते ते हे. धाकट्याचं पोट दिसेनासं झालं, मग छाती, मग हनुवटी. मग फक्त डोळे आणि टोपी. तेव्हाही चाचांनी वीट दिली. शेवटची वीट घट्ट बसेना, ती धाकट्यानं पलीकडून थापीच्या दांड्यानं ठोकून बसवली.

चाचा हात धुऊन आले. बॅग उचलली. तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकट्याची हाक आली.

"भाई, च्या घेनार का?"

चाचा खोलीच्या मधोमध उभे राहिले. बॅग त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी म्हणालो, "जाऊन येऊ ना चाचा. रस्त्यानं चार पावलं तर आहेत." त्यांनी नको अशी मान हलवली. मलाच खूण करून हळू म्हणाले, "सांग त्याला. पुढच्या खेपेला."

मी त्या ओल्या भिंतीकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "पुढच्या खेपेला, म्हणतायत!"

मग पलीकडून "बरं" असं आलं, आणि घमेल्यात थापी टाकल्याचा आवाज. चाचांनी दाराला कुलूप लावलं.